बारा बदकं अ, बारा बदकं ब

३ फेब्रुवारी. पहाटे ५ वाजून १० मिनिटं.
खुराड्यात वाकून, बॅटरी दातात धरून अंडी मोजत होतो. चोवीस बदकं, एकोणीस अंडी. पैकी तीन हातात घेताच पिचली. चौथं मी उचलायच्या विचारात होतो तेवढ्यात पिचलं.
बदकं अंडी पहाटेच घालतात आणि वाटेल तिथे घालतात. आज एक माझ्या डाव्या चपलेत सापडलं. पाय घालायच्या आधी सापडलं, हे महत्त्वाचं.

ही वही का सुरू केली ते लिहून ठेवतो. काल बेकरीवाल्या मावशींनी बोलावून घेतलं. केकसाठी त्या आपली बदकाची अंडी घेतात. म्हणाल्या, मागच्या तिसातली आठ टोपलीतच फुटली आणि उरलेल्यांचा बलक इतका फिकट, की गिऱ्हाईक विचारतं, तुमच्या केकची कावीळ बरी झाली वाटतं. मग म्हणाल्या, ५ मार्चला साठ अंडी आण, एकूण एक माझ्या हाताने फोडून बघेन. कवच घट्ट, बलक गडद केशरी असेल तर आठवड्याला दीडशे अंडी कायमची. नाहीतर आम्ही कोंबडीवर सुखी.
दादाने हे ऐकलं. बदकं दादाच्या पैशांची आहेत. व्यवसाय माझा. वहिनी थोडीफार मदत करते, म्हणजे खाणं घालणं, पाणी बदलणं, खुराडं झाडणं, आजारी बदक ओळखणं. बाकी सगळं मी बघतो.
दादा म्हणाला, पाच मार्चपर्यंत बघतो. नाही जमलं तर बदकं विकायची आणि सहा तारखेपासून तू ट्रकच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायला बसायचं. मालकाशी त्याचं बोलणंही झालंय. मी तो वजनकाटा बघून आलोय. पाठ नसलेलं स्टूल आहे. दिवसभर धूळ. मालक पावतीवर ‘एकूण’मधला कू ऱ्हस्व काढतो. मी तिथे जगू शकणार नाही.

अंडी का बिघडली? कारण समजत नाही. जानेवारीपासून मी दोन सुधारणा केल्या होत्या: बचत म्हणून शिंपल्यांचा चुरा बंद, आणि थंडी बाधू नये म्हणून बदकांना मागच्या ओढ्यावर सोडणं बंद. दोन्हींचा अंड्यांशी संबंध दिसत नाही.
निश्चय: यापुढे सगळं शास्त्रीय पद्धतीने. शाळा अर्धी राहिली म्हणून डोकं अर्धं राहत नाही.

४ फेब्रुवारी. दुपार.
पशुखाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सहा कंपन्यांची पूरक पावडर समोर मांडली. मी सगळ्यांची पाकिटं वाचली. पाऊण तास लागला. पाच पाकिटांवर ‘जीवनसत्व’ लिहिलेलं. ज्यांना सत्त्वातला दुसरा त घालता येत नाही, ते पाकिटात सत्त्व काय घालणार? सहाव्यावर बरोबर होतं. तेच घेतलं. सगळ्यात महाग होतं, म्हणजे निवड योग्य.
दुकानदार म्हणाला, साहेब, बदकं पाकीट वाचत नाहीत.
त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. शिवाय बलकाला रंग यावा म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची पावडर एक किलो, कवचासाठी शिंपल्यांचा चुरा दहा किलो आणि लांबट डबा, खाणं घालायचा. बलकाचा रंग मोजायला तक्ता लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. शेजारच्या रंगाच्या दुकानातून भिंतींच्या रंगांचं शेडकार्ड आणलं. फुकट. त्यात केशरीच्या बावीस छटा आहेत, नावांसकट.
दादाकडून २००० घेतले. म्हणाला, पाच तारखेनंतर एकरकमी परत. मी हसलो. तो हसला नाही.

५ फेब्रुवारी.
गट पाडले. अ गट: बारा बदकं, पायाला लाल लोकर. यांना पूरक आहार. ब गट: बारा बदकं, निळी लोकर. यांना काही नाही. याला तुलनेचा गट म्हणतात. ब गट नसेल तर अ गट किती पुढे गेला ते कळणार कसं?
वहिनीने विचारलं, लोकर कुठली. तिने स्वेटर विणायला घेतला होता म्हणे. म्हणाली, एक बाही बदकांच्या पायात गेली, आता दुसरी कुणाच्या गळ्यात घालू ते सांगा भाऊजी.
ब गट वहिनीकडे सोपवला. तिचं प्रशिक्षण नाही, त्यामुळे निकालावर परिणाम होणार नाही. बजावून सांगितलं की ब गटाला नवीन काहीही करायचं नाही, जुनंच चालू द्यायचं. तिने विचारलं, किती जुनं? मी म्हणालो, हवं तितकं जुनं.
अ गट माझ्या देखरेखीखाली, कुंपणाच्या आत, कोरड्यात, चोवीस तास.

६ फेब्रुवारी.
शिंपल्यांचा चुरा फार जाडा आहे. बदकांना दात नाहीत. पाकिटावर ‘सुपाच्य’ लिहिलंय खरं, पण सुपाच्य आणि बारीक यांत फरक आहे. वहिनीच्या मिक्सरमध्ये दळला. तीन किलो उत्तम झाला. चौथ्या किलोला मिक्सरने आधी आवाज बदलला, मग वास सोडला, मग काहीच सोडलं नाही.
वहिनी बराच वेळ मिक्सरकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं.
उरलेला सात किलो जाडा चुरा टाकून द्यायला काढला होता. तो तिने फुटक्या ताटलीत घालून ब गटासमोर ठेवला. अशास्त्रीय. पण जुनंच आहे, त्यामुळे नियमात बसतं.

८ फेब्रुवारी. सकाळी ७ ते ८, निरीक्षण.
अ गटाला वजन करून खाणं दिलं: भरड, त्यात पावडर, त्यात झेंडू, त्यात शिंपल्याचं पीठ. बदक एक घास घेतं, लगबगीने पाण्याच्या टबाशी जातं, चोच बुडवून खळाखळा हलवतं, परत येतं. पुन्हा घास, पुन्हा टब. एका तासात एका बदकाच्या एकेचाळीस फेऱ्या. इतकी स्वच्छता मी घरातल्या माणसांतही पाहिलेली नाही. पूरक आहाराने शिस्त येते, अशी नोंद केली.
टबातलं पाणी तासाभरात केशरी झालं. म्हणजे झेंडू अस्सल आहे. दुकानदाराबद्दल थोडा संशय होता, तो गेला.
टब वहिनी रिकामा करते. पाणी वाया जाऊ नये म्हणून टोमॅटोच्या वाफ्यात ओतते. चांगली सवय आहे.

११ फेब्रुवारी.
पहिला निकाल. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने गट आणि तारीख लिहितो, अगदी बारीक.
अ गट: ७ अंडी. फोडून पाहिली दोन. शेडकार्डावर ‘पहाटेचं धुकं’ आणि ‘पहाटेचं धुकं’.
ब गट: १० अंडी. फोडून पाहिली दोन. ‘पिकला जर्दाळू’ आणि ‘पिकला जर्दाळू’च्या पुढची छटा, तिला ‘तापलेली वीट’ म्हणतात.
घाबरण्याचं कारण नाही. नव्या आहाराला शरीर सरावायला वेळ लागतो. ब गटाला सरावायचं काही नाहीच, त्यामुळे तो तात्पुरता पुढे दिसतो.
ब गट रोज वहिनीबरोबर ओढ्यावर जातो. ती कपडे वाळत घालते, ही चिखलात माना घालून गोगलगायी गोळा करतात. येतात तेव्हा बघवत नाही. मला ब गटाची काळजी वाटते.

१४ फेब्रुवारी.
बराच विचार केला. चूक सापडली. गट पाडताना चांगली बदकं नकळत ब गटात गेली असणार. विज्ञानात असं होतं. सुधारणा म्हणून ब गटातली सगळ्यात जोमदार तीन बदकं आज अ गटात घेतली आणि अ गटातली तीन रडकी ब गटात दिली. लोकरी बदलल्या.
ही फसवणूक नव्हे. ही दुरुस्ती आहे.
वहिनीने कुंपणाशी उभं राहून बघितलं. म्हणाली, त्या मधलीला आम्ही मॅडम म्हणतो, ती कुणाचं ऐकत नाही. मी सांगितलं, अ गटात नावं नसतात, अ-४ म्हणा. तिने मॅडम अशी हाक मारली. अ-४ धावत गेली.

१८ फेब्रुवारी.
अ गट: ५ अंडी. अ-४ ने घालणं बंद केलं आहे. दिवसभर कुंपणाला छाती टेकून ओढ्याकडे बघत उभी असते. मानसिक कारण असावं.
ब गट: ११. ती रडकी तीनही घालू लागली. हवापालट.
एक गोष्ट स्पष्ट आहे: मात्रा कमी पडतेय. पावडरचं दुसरं पाकीट आणलं, प्रमाण दुप्पट केलं. दुकानदाराने माशाचं तेल पण सुचवलं. म्हणाला, याने चकाकी येते. कशाला ते विचारायचं राहिलं. बाकी रक्कम उधार.

२१ फेब्रुवारी. सकाळी ८.२०.
दादाला अ गटाचं ऑम्लेट दिलं, न सांगता. निष्पक्ष मत हवं होतं.
त्याने एक घास घेतला. चावायचं थांबवलं. वहिनीला विचारलं, हे कोंबडीचं, बदकाचं की कोळिणीचं? वहिनी म्हणाली, भाऊजींना विचारा, ते समुद्र ओततायत. दादाने ताट सरकवलं, पाव तसाच कोरडा खाल्ला आणि जाताना म्हणाला, वजनकाट्याच्या मालकाने विचारलंय, पोराचं अक्षर कसं आहे. मी सांगितलंय, अक्षर मोत्यासारखं, बाकी तुमचं नशीब.
माशाचं तेल बंद. मात्र चकाकी आली होती. ताटलीवर.

२३ फेब्रुवारी.
शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी. मला वाटलं प्रयोगाची बातमी पसरली. टोमॅटो बघायला आल्या होत्या. वहिनीच्या वाफ्यात एकेक टोमॅटो लहान मुलाच्या डोक्याएवढा झाला आहे आणि देठाशी पानं अशी काळीभोर. एकीने विचारलं, खत कोणतं गं? वहिनी म्हणाली, आमच्याकडे घरचंच असतं, जरा महाग पडतं. माझ्याकडे बघून म्हणाली.
मी मनापासून सांगितलं, श्रेय तुझं आहे वहिनी, कष्टाचं फळ मिळतंच.
बायका हसल्या. का ते कळलं नाही. कौतुकानेच असावं.

२५ फेब्रुवारी. सकाळ.
टब स्वतः रिकामा करायला घेतला, वहिनी बाजारात होती म्हणून. तळाशी दोन बोटं गाळ. वर केशरी थर, खाली पांढरा. बोटाने चोळून पाहिला. वास घेतला. पाकीट आणून शेजारी धरलं.

गाळ वाळवून वजन केलं. रोज मी जितकं पूरक घालतो, त्याच्या दहा भागांतले साडेआठ भाग टबात. बदकं भरड गिळत होती आणि विज्ञान धुऊन टाकत होती. तीन आठवडे मी टोमॅटोंना झेंडू, शिंपले आणि दोन त वाली जीवनसत्त्वं चारली.
पण यातून एक सिद्ध होतं. पावडर उत्तम आहे. टोमॅटो साक्षीला आहेत. दोष फक्त टबाचा.

त्याच दिवशी. ११ वाजता.
टब काढून घेतला. खाणं दिलं. आता धुणार कुठे?
पहिली दोन मिनिटं उत्तम. मग बदकं खाणं तोंडात घेऊन टबाच्या जागी गेली आणि तिथेच गोल फिरू लागली. पाचव्या मिनिटाला अ-९ मान वर ताणून तोंड उघडझाप करू लागली, नाकपुड्यांत पीठ भरलेलं. मग अ-४. मग मी पळालो, पण कुठे पळायचं ते ठरलं नव्हतं.
वहिनी बाजारातून आली. पिशवी जागेवर टाकली, बादली उचलली, पाणी पुढे ठेवलं आणि अ-४ चं तोंड पाण्यात धरून चोच पुसून काढली. सगळी वाचली. त्यानंतर ती जे बोलली त्यातलं आठवतंय ते असं: बदकाला घशाखाली घास उतरवायला पाणी लागतं, हे माझ्या आठ वर्षांच्या भाचीला माहीत आहे. प्रयोग करायचा तर स्वतःवर करा, तीन दिवस पाण्याशिवाय कोरडं पीठ खा आणि मग वहीत लिहा. वाचवायला मी येणार नाही.

अ-४ ला मी आज मॅडम म्हणालो. तिने पाठ फिरवली.

२६ फेब्रुवारी.
प्रामाणिकपणे स्थिती मांडतो. ५ मार्चला साठ अंडी. अ गटाची या घडीला धड अंडी: चार. वेळ: आठ दिवस. वजनकाट्याचं स्टूल डोळ्यांसमोरून हलत नाही.
प्रयोगाकडे नव्याने पाहायला हवं. प्रयोगाचे गट किती? दोन. दोन्ही कुणी पाडले? मी. मग ब गटाची अंडीसुद्धा प्रयोगाचाच निकाल नाही का? ब गटाला काही द्यायचं नाही हा निर्णय माझा होता. न देणं हीसुद्धा एक मात्रा आहे.
हे सुचल्यावर खूप हलकं वाटलं.

२८ फेब्रुवारी.
वहिनीला विचारलं, ब गटाची अंडी मावशींकडे नेऊ का. ती म्हणाली, न्या की, घरचीच आहेत. फक्त मी बरोबर येणार, ट्रे मी धरणार, तुमच्या हातून मिक्सर जातो तर अंडी काय घेऊन बसलात.
मी अट घातली की बोलणं मी करणार. ती म्हणाली, तुम्हीच करा हो. मला कुठे बोलता येतं.

४ मार्च.
साठ अंडी मांडली. ब गटाची एकोणपन्नास. अ गटाची अकरा, कारण एकही नाही घेतलं तर माझ्या महिन्याला अर्थ राहत नाही. अकरा कडेने न ठेवता मध्ये मध्ये पेरली. पेन्सिलीची अक्षरं खालच्या बाजूला वळवून ठेवली.
बोलायचे मुद्दे कागदावर काढले. सुरुवात: ‘आमच्या नियंत्रित आहार पद्धतीमुळे’. तीनदा मोठ्याने वाचलं. मॅडमने ऐकलं.

५ मार्च. सकाळी १०. बेकरी.
हे घरी येऊन लिहितोय.
मावशींनी बाही वर सारली आणि मोठा वाडगा घेतला. मी म्हणालो, आमच्या नियंत्रित आहार पद्धतीमुळे. त्या म्हणाल्या, थांब रे, आधी अंडं बोलू दे.
पहिलं फोडलं. कवच वाडग्याच्या कडेवर टक्क वाजलं. बलक गोल, गडद, उभा. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मावशींनी भट्टीवरच्या माणसाला हाक मारली, ये बघ, असा स्पंज फुगेल की साचा सोडून जाईल. माझी पाठ ताठ झाली. चौथं त्यांच्या हातातच चुरलं, बोटांतून पाणी गळल्यासारखं गेलं आणि बेकरीत कुठूनतरी मासळीचं बंदर आलं. पाचवं पुन्हा टक्क. सहावं, सातवं टक्क. आठवं पुन्हा गळालं.
मावशी थांबल्या. हात धुतले. नवव्याला हात घालायच्या आधी त्यांनी ते उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. मग ट्रेमधलं एकेक अंडं फिरवून बघायला लागल्या. माझं अक्षर सुवाच्य आहे. लहान काढलं तरी वाचता येतं. त्यांनी न फोडता दोन ढीग केले. एक मोठा, एक लहान. लहान ढिगातलं एक फोडलं, नाक मुरडलं आणि ढीग बाजूला सरकवला. मोठ्यातली दहा फोडली. दहाही टक्क.
मग म्हणाल्या, अक्षराची सोय छान केलीस, नाहीतर मी सगळीच परत केली असती. ब लिहिलंय ती हवीत. ब कोण बघतं?
मी मुद्द्यांचा कागद उघडला. त्यावर या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.
वहिनी ट्रे धरून उभी होती. म्हणाली, मी.
मावशींनी विचारलं, काय घालतेस गं? ती म्हणाली, काही नाही हो, पूर्वी घालायचे तेच. ओढ्यावर सोडते, जाडा चुरा ठेवते, पाणी भरपूर. मावशी म्हणाल्या, मग डिसेंबरातली चांगली अंडीही तुझीच. आठवड्याला दीडशे, पैसे तुझ्या हातात. आणि हा काय करतो? वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. ती म्हणाली, भाऊजी मोजतात आणि लिहितात. एक अंडं इकडचं तिकडे होत नाही.

५ मार्च. संध्याकाळ.
दादा घरी आला तेव्हा वहिनीने सांगितलं, बदकं राहणार, दीडशेला चोवीस पुरायची नाहीत, म्हणून आणखी बारा घेणार, आणि मला एक माणूस कामाला लागणार आहे. टब उचलणं, चुरा ठेवणं, अंडी मोजणं, तारखा घालणं. दिवसाला ५०. दादाने विचारलं, असा माणूस मिळेल का. ती म्हणाली, एक आहे, पण त्याच्यावर बरीच देणी आहेत, सगळ्यांची मीच भागवते आणि रोजातून कापून घेते.
वजनकाट्याच्या मालकाला दादाने फोन करून नाही म्हणून सांगितलं.
अ गट आजपासून बरखास्त. लाल लोकरी सोडल्या. मॅडम सगळ्यांच्या पुढे धावत ओढ्यात गेली.
निष्कर्ष: प्रयोग यशस्वी. तुलनेचा गट कमालीचा

वरचं वाक्य पूर्ण करायला घेतलं तेवढ्यात वहिनीने टब ओतायला बोलावलं.

६ मार्च. सकाळी ६. हिशोब.

खर्च
जीवनसत्त्व पावडर, दोन पाकिटं: ८४०
झेंडूची पावडर: ६५०
शिंपल्यांचा चुरा: १८०
माशाचं तेल: ३१०
लांबट डबा: २७५
एकूण: २२५५

देणं
दादा: २०००
दुकानदार, उधारी: २५५
वहिनी, मिक्सर: ११५०
वहिनी, लोकर: १२०
एकूण: ३५२५

येणं
टोमॅटोचे पैसे मागून पाहिले. नाही.

दिवसाला ५० प्रमाणे फिटायला साडेसत्तर दिवस, असं मी लिहिलं होतं. वहिनीने वही न मागता वरूनच वाचलं. म्हणाली, बदकं अर्ध्या दिवसाची रजा घेत नाहीत.
एकाहत्तर केलं.